कूलरवर थापटलेला हात

आमच्या मयूर विहारच्या सोसायटीत कूलर दुरुस्त करणारा मिस्त्री वेळेवर आलेला मी कधी पाहिला नाही. "बस पाँच मिनट, साहब" म्हणतो आणि तीन दिवसांनी उगवतो. यंदा त्याच्या नाकदुऱ्या काढायच्या नाहीत असं ठरवून एका रविवारी मीच बाल्कनीत कूलर उघडून बसलो. वर्षानुवर्षं फायलींवर शेरे मारणाऱ्या माणसाला हातात पक्कड आली की फार शूर वाटतं.

टाकीतलं पाणी वर चढवणारा पंप बदलला. नव्या पंपाची वायर आखूड पडली, म्हणून जोड देऊन चिकटपट्टी गुंडाळली. तीन पिनांचा प्लग जळला होता. घरात दोन पिनांचा सापडला, तो बसवला. उरलेली हिरवी वायर कापून टाकली. ती अर्थिंगची असते हे मला माहीत होतं. पण तिच्याशिवाय पंखा फिरत होता, पाणी चढत होतं, मग अडलं कुठे? चालू कूलरच्या पत्र्यावर हात थापटत मी बायकोला म्हणालो, "बघ, अजिबात करंट नाही. बिनधास्त हात लाव."

सोमवारी संध्याकाळी ती ऑफिसातून आली. चपला दाराबाहेर, मग हातपाय धुणं. दिल्लीत वीस वर्षं काढली तरी हा नेम सुटलेला नाही. तशाच ओल्या पायांनी ती कूलरमध्ये पाणी भरायला गेली. मी चहा टाकत होतो. पाइप पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ घुसमटल्यासारखा तिचा आवाज. धावलो. तिचा हात पत्र्याला चिकटला होता, डोळे सताड उघडे होते आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. बटणापर्यंतची ती चार पावलं मी कशी टाकली, आठवत नाही. बटण बंद होताच ती फरशीवर कोसळली.

वाचली. तळहात भाजला, बाकी सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. ती शांत होती. मीच डॉक्टरांना तेच तेच पुन्हा विचारत होतो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. माझा जोड टाकीच्या पाण्यात लोंबत होता. त्यानं तो पाहिला, कापलेली हिरवी वायर पाहिली.

"ये किसने किया?"

"मैंने. चेक भी किया था, हाथ लगाकर."

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. बाल्कनीत काम करताना मी घालतो त्या रबरी चपला रविवारी पत्र्यावर हात थापटला तेव्हाही माझ्या पायात होत्या. मी हादरलोच. घरभर अनवाणी वावरणाऱ्या बायकोला मी चपला घालून खात्री दिली होती.

त्यानं नवी वायर टाकली, अर्थिंग जोडलं, टेस्टर लावून दाखवला. "अब बिल्कुल सेफ है, साहब." बायको दारात उभी होती, हाताला पट्टी. म्हणाली, "आता तू हात लाव. चपला काढून."

मी चपला काढल्या. फरशी ओली होती. मिस्त्रीनं पुन्हा टेस्टर लावला, पुन्हा सांगितलं, काही नाही. हात पत्र्यापासून वीतभर अंतरावर थांबला आणि पुढे जाईना.

सोमवारी ती इथेच, अशाच ओल्या पायांनी उभी होती आणि तिचा हात क्षणभरही अडखळला नव्हता. कारण मी बिनधास्त म्हणालो होतो.