पर्यटकांच्या यादीत नसलेला माणूस

अभयारण्यात शिरायच्या अर्जावर मी कॉलेजातल्या आम्हा पाच जणांची नावं लिहिली आणि यशवंतदादांचं विसरलो. नेमकं ज्यांच्यासाठी जायचं होतं, त्यांचंच. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा फोन आला, "सर, आबा गेले," तेव्हा मला आधी आठवला तो हा अर्ज... माणसाआधी आपली चूक आठवावी, हाही एक गाढवपणाच.

दादा आमच्या कॉलेजात माळी. जन्म शाहूवाडीच्या पलीकडच्या जंगलातला. जंगल राखीव झालं, गाव उठलं आणि डोंगरातला हा माणूस शिरोळच्या सपाट उसात येऊन पडला. कुंड्यांना पाणी घालतानाही तोंडी त्यांची नदीच. "सर, कृष्णा मोठी हाय, पर गप हाय. आमची दगडासंगं भांडत येती." रिटायर झाल्यावर एकच मागणं मागितलं, "एकदा डोळ्यानं दावा."

मग मी पुढाकार घेतला! अर्जावर 'पर्यटकांची नावे' असा रकाना होता. आता ज्याच्या घरी जायचं, त्याचं नाव पाहुण्यांत कोण लिहितं? गेटवरच्या रक्षकानं यादी वाचली, माणसं मोजली. "ह्या आजोबांचं नाव न्हाय." मी प्राध्यापकी थाटात वाद घातला, अर्थातच हरलो. शेवटी दादाच म्हणाले, "जावा की तुमी. एवढ्या लांबनं आलाय. मी बसतो हितं." कुणीही शहाणा माणूस परत फिरला असता. मी गेलो.

जाताना त्यांनी तंबाखूची पुडी हातात ठेवली. जन्मात न खाल्लेली तंबाखू मी त्यांच्या मानाखातर तोंडात टाकली आणि नदीकाठी पोचेपर्यंत दोनदा ओकलो. पोटऱ्यांना जळवा लोंबत होत्या. पुडी पायाला चोळायला होती, हे परत आल्यावर कळलं. दादा पोट धरून हसले... मग मी मोबाइलवर नदी दाखवली. वर झाडांनी आभाळ झाकलेलं, खाली काळंहिरवं पाणी. त्यांनी दोनदा निरखून बघितलं. "ही न्हवं, सर. आमची वरल्या अंगाला. डाव्या वाटंनं जायाचं हुतं."

परतताना गाडीत "पुढच्या वर्षी नक्की," हे मी कोल्हापूर येईपर्यंत घोकत होतो. पुढच्या वर्षी माझा गुडघा, मग लेकीचं लग्न... दादांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मीही बरं झालं म्हणून गप्प बसलो, हे लिहिताना लाज वाटते.

दादांच्या पुण्यानुमोदनाला शिरोळला गेलो. बुद्धाच्या तसबिरीशेजारी दादांचा फोटो, कॉलेजच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला, म्हणून जरा पुसट. वहिनींपाशी बसलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "वहिनी, मी त्यांना पुन्हा नेणारच होतो हो."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"कशाला? परत गेटावर बसवाय व्हय?"