काळ्या रणगाड्यांतला हिरवा

आमच्या रंगाच्या खोलीत रोज काहीतरी घडतं आणि मी घरी पोचेपर्यंत त्याचा किस्सा झालेला असतो. ब्रश धुतला की रंग निघून जातो, किस्से मात्र डोक्यात बसून राहतात. आता एवढे साठलेत की लिहून ठेवलेले बरे.

खोली मलकापूरला, रश्मीताईंच्या घरात वरच्या मजल्यावर. ऑर्डर ताईंची. हाताखाली आम्ही दोघी, एक मी आणि दुसऱ्या शबाना आपा, ज्यांनी आधी वीस वर्षं बांगड्यांवर चमकी लावली. माझी दीड वर्षाची परी सोबतच असते. काम म्हणजे लढाईच्या खेळातले बोटभर लांबीचे प्लॅस्टिकचे रणगाडे रंगवायचे. परदेशातल्या गिऱ्हाइकाला बारा नमुने पाठवायचे होते. पास झाले तर काम चालू, नाही तर खोली बंद. लेकरू घेऊन ये म्हणणारं काम मला दुसरीकडे कोण देणार? म्हणून सगळ्यात जास्त धाकधूक मलाच.

*

पहिल्या दिवशी ताईंनी गिऱ्हाइकाचा मेसेज वाचून दाखवला. "रंग काळाच हवा. पण त्यात हिरवा असला पाहिजे. आणि तो हिरवा चटकन दिसला नाही पाहिजे."

आपा चष्मा पुसत म्हणाल्या, "हा तं माह्या घरवाल्याचाच नमुना झाला. घरात असते, पण कामाच्या वक्ताले दिसत नाही."

*

काळ्यात हिरवा किती टाकायचा ते कळेना, म्हणून चार दिवस मी दिसेल ती काळी वस्तू उन्हात धरून पाहिली. तवा पाहिला, छत्री पाहिली. म्हशीची पाठ पाहिली, तिच्यात तपकिरी निघाला. शेवटी तो रंग शेजारच्या काळ्या कोंबड्याच्या शेपटीत सापडला. सावलीत काळा कुळकुळीत, ऊन पडलं की आतून हिरवा. मी दोन दिवस त्याच्या मागं मागं फिरले.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्याला टोपलीखाली झाकून ठेवला आणि मला विचारलं, "काऊन वं, पाव्हणे येऊन राह्यले काय तुह्या घरी?"

*

रंग जमला, पण हात जमेना. ब्रश रंगात बुडवून फडक्यावर इतका पुसायचा की त्यात काही उरलंच नाही असं वाटावं. मग तोच कोरडा ब्रश रणगाड्याच्या कडांवरून हलका फिरवायचा, की हिरव्याचा नुसता भास होतो. मी भीतीपोटी जास्तच रंग घ्यायची. दोन रणगाडे तर मेथीच्या जुडीसारखे करून ठेवले.

आपांनी माझा हात धरला. "बेटा, तू परीच्या पोळीले तूप लावते तसा लावून राह्यली. सासूच्या पोळीले लावते तसा लाव."

त्या दिवसापासून माझा हात बसला.

*

सासूबाईंनी एकदा विचारलं, "हे खेळणे कोन्या लेकराचे?"

म्हटलं, "लेकरांचे नाहीत. मोठी माणसं खेळतात. टेबलावर मांडतात, टेपनं अंतर मोजतात आणि मग लढतात."

"किती मोठे?"

"ताई म्हणतात, पन्नाशीचेही असतात."

सासूबाई बराच वेळ रणगाडा उलटासुलटा करून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "त्याहिच्या बायका काही म्हणत नाहीत काय?"

*

पार्सल जायला तीन दिवस होते. बाराव्या रणगाड्याचं वरचं गोल झाकण रंगवून, सुकवून मी ताटलीत ठेवलं होतं. तुरीच्या डाळीएवढं. चिकटवायला गेले तर ताटली रिकामी, आणि ताटलीजवळ परी तोंड हलवत बसलेली.

तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं, झाकण नव्हतं. तशीच उचलून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी तपासलं, रंग कोणता ते विचारलं. "श्वास नीट आहे. एवढं बारीक आहे तर निघून जाईल. लक्ष ठेवा," म्हणाले.

मी लक्ष ठेवलं. दोन दिवस काडी घेऊन लक्ष ठेवलं. परीचे पप्पा कामावरून फोन करायचे ते "जेवली का" विचारायचेच नाहीत. थेट "निघालं का?"

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालं. मी मोरीतच बसून रडले. मग साबणानं धुतलं, गरम पाण्यानं धुतलं, परत साबणानं धुतलं आणि ताईंना दाखवायला घेऊन गेले.

आपांनी ते चिमट्यात धरून खिडकीच्या उजेडात फिरवलं. "रंग हालला नाही."

अकरा रणगाडे डब्यात भरून झाले होते. बारावा उघड्या डोक्यानं टेबलावर उभा. पार्सलवाला खाली हॉर्न वाजवत होता. आम्ही तिघी एकमेकींकडे पाहत राहिलो. ताईंनी गोंदाची ट्यूब उघडली.

बऱ्याच दिवसांनी गिऱ्हाइकाचं उत्तर आलं. ताईंनी मोठ्यानं वाचलं. "बाराही पास. पुढची ऑर्डर पाठवतो आहे. एका रणगाड्याच्या वरच्या झाकणावर काळ्या-हिरव्याची जी छटा आली आहे ती सगळ्यांत उत्तम. पुढचा सगळा माल तसाच हवा. ती कशी आणली ते कळवा."

ताईंनी मोबाइल आपांच्या हातात दिला. आपांनी माझ्या हातात दिला.

मी परीकडे पाहिलं. तिला भूक लागली होती.