खड्ड्यांतून वाचता येईल असं घड्याळ

९ सप्टेंबर, सोमवार. सकाळी मी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळंपानं बांधलेली चौकट, सोडत होते. दीड दिवसाचा गणपती आदल्या संध्याकाळी विसर्जनाला पोचवला होता. माटोळीला टांगलेली फळं तशीच ठेवली तर चिबूड फुटतो आणि मुंग्या लागतात, म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळं उतरवून मोकळी होते. मी स्टुलावर, लेक खाली टोपली धरून उभी. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते, म्हणजे नऊ वीस.

तोरंजनाचं जड फळ तिच्या हातात देत होते, तेव्हा ती म्हणाली, "आई, मी नापास झाले."

"कशात?"

"वाट काढायच्या परीक्षेत. गेल्या आठवड्यात."

लेक बावीस वर्षांची. परराज्यात लहान विमान चालवायला शिकते. चवथीला तीन दिवसांची रजा घेऊन आली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोप्याच्या विमानतळावरून परत जाणार होती. तीन दिवस खोबऱ्याच्या नेवऱ्या तळताना, आरतीला टाळ वाजवताना तिने हे पोटात ठेवलं होतं. मी स्टुलावरून उतरले आणि सुपारीचा घड तसाच लोंबत ठेवला.

तिने सांगितलं ते असं. परीक्षेत नकाशा, होकायंत्र आणि घड्याळ एवढ्यावर विमान न्यायचं. एका गावावरून निघायचं, एका दिशेने चौतीस मिनिटं जायचं, खाली तलाव दिसला की वळायचं. ही वळली तेव्हा खाली तलाव नव्हता, नुसती झुडपं होती. शेजारी बसलेल्या मास्तरांनी विमान आपल्या हातात घेतलं आणि परत आणलं. गुरुवारी पुन्हा परीक्षा. तेव्हाही चुकली तर या तुकडीतून बाहेर, पुढच्या तुकडीत जागा कधी मिळेल याचा नेम नाही.

"कशामुळे चुकलं?"

"ह्याच्यामुळे." तिने हात पुढे केला. मनगटावर तिच्या मामाने आखातातून आणलेलं सोनेरी घड्याळ होतं. मोठ्या तबकडीत तीन छोट्या तबकड्या. "मिनिटं मोजणारी ही छोटी तबकडी तीस मिनिटांचीच आहे. तीस झाली की काटा पुन्हा पहिल्यापासून. आणि विमान हलायला लागलं की तो दिसतच नाही. मग मी मोठ्या काट्यांवरून वेळ बघायला गेले आणि काहीतरी चुकीचं वाचलं."

"विमानात घड्याळ नसतं?"

"असतं. परीक्षेत मास्तर त्यावर कागद चिकटवतात."

"आणि फोन?"

"बंद करून पिशवीत."

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. घड्याळाकडून माझी अपेक्षा एकच, सेकंदकाटा दिसावा आणि नाडी मोजता यावी. लेकीची यादी लांब होती. स्टॉपवॉचची मिनिटं साठपर्यंत हवीत. बटण न बघता अंगठ्याने दाबता आलं पाहिजे. उन्हात काच चमकता कामा नये. घड्याळ जड नको, फार लहानही नको. शिवाय एकाच वेळी दोन वेळा दिसल्या तर बरं.

"दोन वेळा कशाला? एक धड सांभाळता येत नाही."

"विमानवाले सगळ्या जगात एकच वेळ लिहितात गो. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची."

हे मला तेव्हा नीट समजलं नाही. समजलं असतं तर संध्याकाळी जे केलं ते केलं नसतं.

तिने फोनवर काही घड्याळं दाखवली. एकाला चांगलं म्हणणारे जितके, तितकेच वाईट म्हणणारे. एक म्हणतो काट्यांचंच घ्या, दुसरा म्हणतो आकड्यांचं घ्या. एक म्हणतो कडेला फिरणारी कडी हवीच, दुसरा म्हणतो कडी म्हणजे शोभा. अर्ध्या तासात माझं डोकं गरगरायला लागलं. मी फोन बंद केला, गाडीची किल्ली घेतली आणि म्हटलं, चल डिचोलीला.

आमच्या चोपड्याहून डिचोली म्हणजे म्हापसा ओलांडून जायचं. म्हापशाला दुकानं भरपूर, पण काचेच्या कपाटातून घड्याळ बाहेर काढतानाही तिथले लोक आपल्याकडे संशयाने बघतात. डिचोलीला माझी पूर्वी बदली होती, तिथला एक म्हातारा घड्याळजी ओळखीचा होता. त्याची दोन बाळंतपणं, म्हणजे सुनेची, माझ्या हातची.

त्याने आमचं सगळं ऐकून घेतलं आणि चार घड्याळं काढली. दुकानात चारही छान दिसत होती. लेक एक घालायची, काढायची, दुसरं घालायची, पुन्हा पहिल्याकडे वळायची. पाऊण तास झाला. मला कळेना की शांत खोलीत, पंख्याखाली, खुर्चीवर बसून घातलेलं घड्याळ विमानात कसं वागेल हे कळणार कसं.

"ही चारही घेऊन गाडीत बसा," मी घड्याळजीला म्हटलं.

"खंय?"

"पाळीच्या रस्त्याने जाऊया. तिथे खड्डे आहेत ना?"

"सिस्टर, खड्डेच आहेत. रस्ता असला तर सांगा."

खनिजाचे ट्रक पावसाळ्यात बंद होते, त्यांनी केलेले खड्डे मात्र जागेवर होते. मी गाडी चालवायला, लेक शेजारी, मागे घड्याळजी मांडीवर टॉवेल पसरून त्यात घड्याळं घेऊन. खेळ साधा होता. मी 'आता' म्हटलं की लेकीने बटण दाबायचं, 'बस' म्हटलं की मान न वाकवता, हात नाकाशी न नेता किती मिनिटं किती सेकंद झाले ते सांगायचं. खरा आकडा मागे घड्याळजी आपल्या घड्याळावर बघायचा.

पहिल्या घड्याळाच्या कडेला इतके बारीक आकडे होते की मुंग्या लागल्यासारखे वाटत. लेक म्हणाली, एक मिनिट दहा. घड्याळजी म्हणाला, दोन मिनिटं दहा. दुसरं आकड्यांचं होतं, पाच बटणांचं. 'बस' म्हटल्यावर तिने दाबलं तर दिवा लागला, पुन्हा दाबलं तर ते ओरडायला लागलं आणि गप्पच होईना. घड्याळजीने मागून हात घालून ते काढून घेतलं आणि टॉवेलात गुंडाळलं. तिसरं दिसायला सगळ्यांत सुंदर होतं. काळ्या तबकडीत काळ्याच छोट्या तबकड्या.

"सांग."

"काच चमकते. मला माझंच नाक दिसतंय."

"नाकावर किती वाजले?" घड्याळजी म्हणाला.

चौथं अगदी साधं. काळी तबकडी, पांढरे ठळक आकडे, स्टॉपवॉचचा लांब नारिंगी काटा आणि साठ मिनिटांची एकच मोठी छोटी तबकडी, असं म्हणता येत असेल तर. बटणं खिळ्यासारखी ठसठशीत. एका मोठ्या खड्ड्यात गाडी आपटली त्याच क्षणी मी 'बस' म्हटलं. लेकीने तिथल्या तिथे सांगितलं, तीन मिनिटं बेचाळीस. मागून आवाज आला, "बेचाळीस. आणि माझ्या कमरेचे मणके पण तितकेच."

पण ह्या घड्याळात दोन वेळा दिसत नव्हत्या. पुन्हा गोंधळ. परत येताना लेकीने तिसरं एकदा घालून बघितलं, मग पहिलं, मग चौथं. मी गाडी बाजूला घेतली.

"तू तिथे आपली वेळ कशाला वापरतेस?" मी विचारलं.

"जेवणाला."

"जेवणाची घंटा होते ना? मग घड्याळ सगळंच त्या विमानवाल्यांच्या वेळेवर ठेव."

तिने चौथ्याचा पट्टा आवळला. "हे बरं आहे," म्हणाली. घड्याळजी म्हणाला, इतकी वर्षं घड्याळं विकतोय, पण खड्ड्यात आपटून कोणी घेतलं नव्हतं. आम्ही चौथं घेतलं.

इथे आमच्या घरातल्या घड्याळांबद्दल सांगायला हवं. चोपड्याहून शिवोलीला पूर्वी फेरीबोटीने जावं लागे. माझे सासरे फेरीवर होते, नंतर नवरा. फेरी चुकू नये म्हणून सासऱ्यांनी घरातलं घड्याळ दहा मिनिटं पुढे लावलं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्या दिवशी हेच सांगण्यात आलं. मग पूल झाला, फेरी बंद झाली, नवऱ्याची बदली दुसऱ्या फेरीवर झाली, तो निवृत्तही झाला. घड्याळ दहा मिनिटं पुढेच राहिलं. घरात येणारं प्रत्येक घड्याळ त्याच्यावरच लावायचं. आम्ही सगळेच बघताना मनातल्या मनात दहा वजा करतो, आपण वजा करतो हे आठवतही नाही. डगल्याला लावायचं माझं ड्यूटीचं घड्याळ तेवढं बरोबर असतं.

संध्याकाळी देवाकडे दिवा लावायला गेले. नवी वस्तू म्हणून घड्याळ मीच देवापुढे ताटलीत ठेवलं होतं. बघते तर त्यात दीड वाजलेला. भिंतीवर सात दहा. गाडीत मीच काय सुचवलं होतं ते डोक्यातून गेलं होतं; वाटलं, घड्याळजीने काटे तसेच ठेवले, खड्ड्यांच्या गडबडीत राहून गेलं असेल. चावी ओढली, सात दहा केले, हात जोडले.

लेक बॅग भरता भरता आली. घड्याळ उचललं. "आई, ह्याला हात लावलास?"

"मागे पडलं होतं. लावलं."

"मागे नव्हतं पडलं गो, मी मागे ठेवलं होतं. सकाळी सांगितलं ना, साडेपाच तास."

"मग लाव परत. त्यात काय."

तिने फोन काढला, घड्याळाशेजारी धरला. फोनवर सात, घड्याळात सात दहा. वजाबाकी करताना तिचे ओठ हलत होते. "साडेपाच नव्हे. पाच चाळीस होतात," ती म्हणाली. मग आत जाऊन निळी फाईल घेऊन आली. त्यात परीक्षेच्या दिवशी तिने मांडीवर ठेवून भरलेला कागद होता. त्यावर लिहिलेल्या वेळांवरून ती बोट फिरवू लागली. मला काहीच कळत नव्हतं. दिव्यातली वात सरळ करून मी तिच्यासमोर खाली बसले.

"ते सोनेरी घड्याळ मे महिन्यात निघताना तू लावून दिलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"ह्याच घड्याळावरून." तिने भिंतीकडे बघितलं.

"मग कशावरून लावणार?"

"म्हणजे दहा मिनिटं पुढे. मी तिकडेही वजाच करत होते. गावावरून निघताना पाच तास चाळीस वजा केलेत, हे बघ. वळताना फक्त साडेपाच. दहा वजा करायचे राहिले."

"म्हणून?"

"म्हणून मला वाटलं चौतीस मिनिटं झाली. झाली होती चोवीस. मी दहा मिनिटं आधी वळले. तलाव पुढे होता."

मला अजून नीट कळलं नव्हतं. तिने मला बसचं उदाहरण देऊन समजावलं. समज तू घरातून निघताना वेळ वजा करून लिहिलीस आणि बसमध्ये वजा न करता बघितलीस, तर तुला वाटेल प्रवास दहा मिनिटं जास्त झाला आणि तू म्हापसा आलं म्हणून आधीच उतरशील. हे कळलं.

नवरा ओसरीवरून ऐकत होता. "मगे घड्याळाची चूक न्हय?"

"न्हय बाबा. तुमच्या फेरीची."

"फेरी बंद जाली मगो."

"म्हणूनच तर."

तो उठून अंगणात गेला.

मला वाईट वाटलं का, हे आजही सांगता येत नाही. त्या वेळी नुसता गोंधळ होता. दिवसभर आम्ही काचा, काटे, बटणं तपासत हिंडलो, एका म्हाताऱ्याची कंबर मोडली, आणि चूक आमच्या भिंतीवर टांगलेली होती. मी लेकीला विचारलं, मग हे घड्याळ उगाच घेतलं का? ती म्हणाली, नाही, हे असतं तर नारिंगी काट्यावरच चौतीस मोजले असते, वेळ बघायची वेळच आली नसती. ती खरं बोलत होती की मला बरं वाटावं म्हणून, हे ठरवता आलं नाही. तिने चावी ओढून काटे पुन्हा मागे नेले. या वेळी फोनवर बघून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला मोप्याला सोडलं. पिशवीत नेवऱ्यांचा डबा, मनगटावर नवं घड्याळ, सोनेरी घड्याळ तिने घरीच ठेवलं होतं. दाराशी तिने विचारलं, "आई, किती वाजले?" मी डगल्याचं घड्याळ बघून सांगितलं, सहा चाळीस. तिने आपल्या मनगटाकडे बघून साडेपाच मिळवले आणि मान हलवली. मग आत गेली.

घरी आल्यावर मी स्टूल आणलं, कालचा राहिलेला सुपारीचा घड सोडून खाली ठेवला आणि भिंतीवरचं घड्याळ काढलं. नवरा चहा घेत बघत होता. मी फोन समोर ठेवून ते दहा मिनिटं मागे केलं. मग स्वयंपाकघरातलं, मग आमच्या खोलीतलं गजराचं, मग सोनेरी. नवरा एवढंच म्हणाला, "आता सगळ्यांकच उशीर जातलो."

झालाच. घड्याळात नेहमीची वेळ बघून मी नेहमीसारखी निघाले आणि केंद्रात दहा मिनिटं उशिरा पोचले. हजेरीपटावर सही केली आणि वेळेच्या रकान्यात खरी वेळ लिहिली.