नव्वद टक्क्यांचा रुपया

आमच्या घरात पहिल्या वर्गात पास झालेला एकच जण आहे आणि तो चांदीचा आहे.

तो म्हणजे माझा हाली रुपया. निजामाच्या राज्यातला, एका बाजूला चारमिनार असलेला. लग्नात आईनं माझ्या ओटीत घातला, तेव्हापासून तो माझ्या ट्रंकेत चिंधीत बांधून होता. आमचे हे एसटीत कंडक्टर. त्यांना जुनी नाणी जमवायचा भारी नाद. (चालू नाणी जमवायचा नाद मात्र कधी लागला नाही!) नळदुर्गच्या बाजारात कुणाकडं भोकाचा पैसा आहे असं कानावर आलं की हे जेवणावरून उठणार.

मागं ह्यांनी निवडक नाणी एका कंपनीकडं तपासायला पाठवली. तिथले लोक नाणं भिंगाखाली धरतात, झीज बघतात, ओरखडे बघतात आणि सत्तरपैकी मार्क देतात. मग नाणं जाड प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून, आत मार्कांची चिठ्ठी घालून परत पाठवतात. ह्यांनी माझाही रुपया मागितला. मी लाजत लाजत चिंधी सोडली.

निकाल आला. ह्यांची सगळी नाणी काठावर पास. माझ्या रुपयाला त्रेसष्ट!

"आई, नव्वद टक्के झाले की गं!" आमची रेखा ओरडली. ती कॉलेजात जाते, हिशोबाला पक्की.

"अगं, ते टक्क्यात मोजत न्हाईत," हे म्हणाले. पण ऐकतंय कोण!

माझी शाळा चौथीत सुटली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझा घसा कोरडा पडतो. पण त्या दिवशी मी स्वतःहून शेजारच्या कमलबाईंना हाक मारली.

"आमच्या रुपयाला नव्वद टक्के पडले."

"कुणाला?"

"रुपयाला."

"अगं बया! शिकवणी कुठं लावली होती?"

ह्यांचा आनंद तर विचारू नका. दिवाळीनंतर सोलापुरात जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं आणि तिथं ह्यांना पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं, ते ह्या रुपयासाठी. ह्यांनी त्या दिवसाची रजा टाकली, नवा सदरा शिवायला दिला. डबी उघडली की मार्क गेले, आणि नाणं घासलं तर सगळंच गेलं, हेही त्यांनी डेपोतल्या प्रत्येकाला समजावून सांगितलं. घरात सांगायचं तेवढं राहिलं.

लक्ष्मीपूजनाला हे झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले. मी मोठ्या मानानं डबीसकट रुपया चौरंगावर मांडला. आमच्यात पूजेच्या रुपयाला आधी दुधानं आंघोळ घालतात. सासूबाईंनी पळीभर दूध सोडलं. ते प्लास्टिकवरून घरंगळून चौरंगाखाली गेलं.

"हे काय गं? रेनकोट घालून कुणी आंघोळ करतं व्हय?"

"आत्याबाई, कंपनीनं घातलाय तो."

"कंपनीला काय कळतंय? लक्ष्मी घरात आली अन् तिला डबीत कोंडून ठेवायचं! काढ आधी तिला भाईर."

मी नखानं उघडून बघितलं. नख तुटलं. सांडशीनं बघितलं, सांडशी निसटून कमलबाईंच्या पायावर पडली. (त्या नव्वद टक्केवाला बघायला आल्या होत्या.) अडकित्ता लावला, तर अडकित्त्याचीच कडी ढिली झाली. शेवटी डबी पाट्यावर ठेवली आणि वरवंट्याचा एक दणका दिला! डबी उघडली. रुपया टुणकन उडाला आणि दुधाच्या पातेल्यात जाऊन पडला.

"बघा! आपल्या पायानं गेली आंघोळीला!" सासूबाईंनी हात जोडले.

दुधातून काढला, तर रुपया काळपट.

"एवढा हुशार अन् तोंड असं?" कमलबाई म्हणाल्या.

आता हे मात्र माझ्या कामाचं होतं. बोलायला मी मागं असेन, पण माझी घासलेली भांडी गल्लीत नावाजलेली आहेत. चिंच घेतली, राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला आणि पदर खोचला. घासला, घासला आणि असा घासला, की चारमिनारच्या चारी मिनारांना उजेड फुटला!

"आरशावाणी झाला गं!" कमलबाई म्हणाल्या. माझी मान अशी ताठ, की बुगड्या हलेनात.

तेवढ्यात हे आले. रुपयाकडं बघितलं. हातातली झेंडूची फुलं खाली पडली.

"ह्याची डबी कुठंय?"

"चुलीपाशी. मीठ ठेवायला बरी वाटली."

हे मटकन पाटावर बसले. मग डेपोत सांगितलेलं सगळं एकेक करून आम्हाला सांगितलं. बाहेर फटाके वाजत होते आणि आमच्या घरात फक्त दुधाच्या पातेल्यावर माशी.

ह्यांनी आस सोडली नाही. रुपया घाईघाईनं परत तपासायला पाठवला. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. रेखानं डबीतली चिठ्ठी दोनदा वाचली.

"किती पडले?" मी हळूच विचारलं.

"मार्क न्हाईत, आई. नाणं अस्सल हाय म्हणतात. पण पुढं लिहिलंय, 'साफ केलेला'."

"म्हंजे माझ्या सुनंनं साफ केल्यालं तितवर कळलं!" सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी आधी सासूबाईंकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मग हे पोट धरून असे हसले, की नव्या सदऱ्याचं बटण उडालं. दुसऱ्या दिवशी तसाच रुपया घेऊन सोलापूरला गेले. टेबलावर सगळी नाणी काळीसावळी, मधे आमचा एकटाच लखलखीत. बघणारा हमखास थांबायचा आणि हे छाती काढून सांगायचे, "आमच्या मंडळींनी घासलाय."

रुपयाचे नव्वद टक्के गेले ते गेलेच. पण इतकी वर्षं ह्या घरात भांडी घासतेय, आजवर कुणी एका शब्दानं लिहून दिलं नव्हतं. आता माझ्याकडं भिंगाखाली तपासलेलं सर्टिफिकेट आहे, तेही सीलबंद! आणि ह्या वेळी वरवंटा मी स्वतःच कुलपात ठेवलाय.