दुखायचं थांबलेला पाय

चप्पल मागं राहिली तरी तात्या पुढं चालत राहायचे. सणसरच्या रस्त्यावर कुणीतरी ओरडायचं, "ओ तात्या, चप्पल!" तेव्हा कुठं खाली बघायचे. पाऊल अनवाणी झालंय हे त्यांचं त्यांना कळत नसे.

आमचा बांधाला बांध. झालं असं, ट्रॉलीत ऊस भरताना मोळी घसरली नि त्यांच्या गुडघ्यावर बाहेरच्या अंगानं बसली. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या लावून पट्टा करकचून आवळला. आधी ठणका, मग मुंग्या, मग काहीच नाही. तात्या खूश. "दुखायचं थांबलं. गुण आला!"

मी शाळा चौथीत सोडली, पण दावं आवळलं की बैलाचा पाय बधिर होतो एवढं मला कळतं. म्हणालो, "पट्टा सैल करा."

"पाय माझा हाय का तुझा?"

पुढं पट्टा निघाला, पण पाऊल उचलेना, लोंबतंच राहिलं. त्यांच्या गुडघ्याखाली नजरेचा काळा दोरा असायचा. तो घसरून घोट्यावर येऊ लागला. वहिनी पुन्हा आवळून बांधायच्या, तो पुन्हा खाली. एकदा हळूच मला म्हणाल्या, "भावजी, दोरा तोच हाय वो. पिंढरी वाळतीया." मी तात्यांना गाडीवर घातलं नि बारामती गाठली.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, अंगठा वर करा."

"हा काय, करतो की."

अंगठा जागचा हलला नाही. तात्यांनी दात आवळले. तरी नाही.

बाई म्हणाल्या, "गुडघ्याजवळची नस दबलीय. मारानं असेल, पट्ट्यानं असेल. कंबरेतली नस, साखर, तेही तपासू. नस हुकूम पोचवत नाही, म्हणून मांस झडतं."

मी विचारलं, "पायात जोर परत येईल?"

"सांगता येत नाही. व्यायाम सोडू नका."

आम्ही परत निघालो. सणसर आल्यावर तात्या म्हणाले, "दुखत हुतं तवा पाय माझा हुता रं."

त्यानंतर पाऊल उचलून धरणारी पट्टी आली, रोजचा व्यायाम आला. पट्टी त्यांना नकोशी. काढून ठेवायचे नि चप्पल घालून निघायचे. असेच एकदा बांधावरून चालले होते. चप्पल सुटली. मी ओरडणार, तोच तात्या थांबले. मागं वळले. डोळे भरलेले.

"सुटलेली कळली रं मला! खडा टोचला!"

पिंढरी मात्र भरली नाही. दोरा शेवटपर्यंत घोट्यावरच होता. तात्या गेले त्याला वर्ष झालं. आता सकाळी उठलो की मी आधी पायाचा अंगठा हलवून बघतो. मग वयानं झिजलेला माझा गुडघा ठणकतो. ठणकू दे.