डाव्या बाजूचा शंभर नंबर

या गं, या रे, जरा जवळ सरकून बसा. दिवसभर ग्रुपवर असता, पण म्हातारीला एक फोन करायला बोटं दुखतात का तुमची? असो. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावस्येला नखं कापलेली आहेत मी. तेव्हा "मावशी, भास झाला असेल" असं कुणी कमेंटमध्ये लिहू नका. आधी पूर्ण वाचा.

मी इकडे जर्सीतल्या पिस्कॅटवे गावात राहते, दुसऱ्या मजल्यावर, एकटी. हे जाऊन तीन वर्षं झाली. आमच्या पलंगावर ती हवेची गादी आहे — दोघांच्या दोन बाजू, दोन वेगळे नंबर. पंपाने हवा भरली की नंबर शंभरपर्यंत चढतो आणि गादी कडक, सोडली की मऊ, आणि हवी तशी गरम-गारही होते. घेतली ती भांडणं मिटवायला. हे अंगाने काडी, कडक गादीवर हाडं टोचायची, म्हणून त्यांची डावी बाजू वीसवर. पण अंगात नुसती भट्टी, त्यामुळे गार हवं. मी भरलेली, मऊ गादीत माझी कंबर बुडते, म्हणून मला पन्नास... आणि पाय बारमाही बर्फ, म्हणून थोडी ऊब. चाळीस वर्षं एका पलंगावर दोन ऋतू.

हे गेल्यावर मंदारने — माझा मुलगा, जर्सी सिटीला असतो — गादीचं ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं. "आई, तुला कटकट नको." म्हणजे मी किती झोपले ते मला माहीत नाही, त्याला माहीत.

तर एकदा दुपारी दीडच्या सुमाराला मी भांडी लावत होते, आणि आतून पंपाची घुरघुर ऐकू आली. जाऊन बघते तर डावी बाजू शंभरवर. ओट्याच्या कडप्प्यासारखी कडक, आणि तापलेली. तेवढ्यात मंदारचा फोन.

"आई, बाबांच्या साइडला का झोपलीस? आणि हंड्रेडवर? पाठीचं काय होईल?"

"मी भांडी लावतेय रे."

"मग बटन दाबलं असशील, आणि विसरलीस."

असं चार-पाच वेळा झालं, दुपारी दीडलाच. दर वेळी तेच, विसरलीस. मग सुनेने, ऋचाने, मला डॉक्टरकडे नेलं. तिथे विसरभोळेपणा तपासायला कागदावर घड्याळ काढायला लावलं. मी काढलं, वर सेकंदकाटाही काढून दिला. तरी मंदारचं ठरलंच होतं — हे घर बंद करायचं आणि आईला आपल्याकडे न्यायचं.

मग तो रविवार. मी जर्सी सिटीला, त्यांच्या टेबलाशी, पुढ्यात वरणभात. मंदारचा फोन वाजला. त्याने बघितलं आणि भात कालवायचा थांबला.

"किती?" मी विचारलं.

"हंड्रेड. हीट हाय. आई... कुणीतरी झोपलंय असं दाखवतंय."

"मी तर इथे आहे. विसरले वाटतं."

ऋचा खाली मान घालून हसली. मंदार नाही हसला.

जेवण तसंच टाकून निघालो. किल्ली फक्त आम्हा दोघांकडे — एक त्याच्या खिशात, एक माझ्या पर्समध्ये. कुलूप जसंच्या तसं. चादर मी सकाळी ताणून घातलेली, तिला एक सुरकुती नाही. मंदारने डाव्या बाजूला तळवा ठेवला आणि पटकन उचलला.

"आत्ता कुणी उठून गेल्यासारखं गरम आहे," एवढंच म्हणाला.

कंपनीचा माणूस पंप बदलून गेला. काही फरक नाही. मग मंदारने वायरच काढून सोबत नेली. पंप गप्प झाला, नंबर हलेना... पण दीड वाजता ती बाजू तापतच राहिली. खिडकी उत्तरेची, ऊन येत नाही. हीटरची जाळी पार दाराशी. सगळं बघून झालंय.

आता तुम्ही म्हणाल, काकाच असतील. नाही हो. ज्या माणसाने चाळीस वर्षं पंख्यावरून माझ्याशी वाद घातला, तो शंभरवर, तेही हीट लावून झोपेल? हे नाहीत, मी नाही. असं कडक आणि असं गरम आमच्यात कोण झोपायचं, ते आठवून आठवून दमले मी.

मंदार म्हणाला, "आता तर तू इथे राहूच नकोस."

"कालपर्यंत मी विसरते म्हणून चल. आज मी विसरत नाही म्हणून चल. काहीही झालं तरी मीच उठायचं का इथून?"

मी वायर परत मागितली, ती त्याने पुढच्या शनिवारी आणून दिली. मीच लावली. कुणाचं अंग गार पडत असेल, कुणाला कडक लागत असेल, तर घेऊ दे. पण घर माझं आहे, आणि मी ते सोडणार नाही.

हे काय आहे, मला माहीत नाही. मंदार इंजिनिअर आहे, त्यालाही नाही. तुम्हाला काही सुचलं तर फोनवर नको, येऊन सांगा. या शनिवारीच या, पिठलं-भाकरी करते. जेवून पडायचं असेल तर सोफा आहे. दीडनंतर आतली खोली मी कुणाला देत नाही.