कापडासकट वजन

त्या रुग्णालयात बापासाठी खुर्ची नव्हती. आईला एक स्टूल होते, तेही लंगडे. बापाने भिंतीला टेकून उभे राहावे आणि समोरची 'शांतता राखा' ही पाटी वाचत राहावे, असा व्यवस्थेचा उदार हेतू होता. काटेवाल्या बापाला ती पाटी वाचता वाचता दीड महिना झाला होता. तराजू आणि वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची वीस वर्षे गेली होती. लग्नानंतर बाराव्या वर्षी मुलगी झाली, ती हृदयाला भोक घेऊन. तीन किलो भरल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, आणि तोवर तिला उगाच उचलायचे नाही, असे मोठ्या डॉक्टरांनी बजावले होते.

दूध पाजण्यापुरती मुलगी आईला मिळे. बापाच्या वाट्याला सकाळचे वजन येई. काचेच्या पेटीतून उचलायचे, चार पावले चालायचे, काट्याच्या पारड्यात ठेवायचे. चार पावलांचा बाप! त्या चार पावलांवर तो उरलेला दिवस कसाबसा ढकली. दुकानात लोखंडी वजन तळहातावर घेतले की हात कोपरापर्यंत रिकामा वाटे.

"जरा छातीशी धरू का?" त्याने एकदा विचारले होते.

"ऑपरेशन होऊ द्या, मग धरा की जन्मभर," सिस्टर म्हणाल्या होत्या. "पुढे तीच म्हणेल, बाबा, आता सोडा."

काटा मात्र त्याच्याच हातचा होता. वर्षापूर्वी त्यानेच तो दुरुस्त करून दिला होता. तेव्हा घरात पाळण्याची भाषासुद्धा कुणी करत नव्हते.

त्या सकाळी सुई तीनच्या पुढे दोन रेघा सरकली. "तीन किलो वीस!" सिस्टर ओरडल्या, 'शांतता राखा' त्यांना लागू नसावे. बायकोने तोंडावर हात धरला. फेरीवर आलेल्या मोठ्या डॉक्टरांनी लगेच दुसऱ्या दिवशीची वेळ दिली. काटेवाल्याने मुलीला उचलले, तेव्हा तिच्याखालचे जाड कापड पायात अडकून सोबत आले. ते त्याने डाव्या हाताने सोडवले, आणि तो हात गप्प बसेना. शंभर ग्रॅम, हात म्हणाला.

"सिस्टर, हे कापड रोज असतं?"

"मग काय, लेकराला गार पत्र्यावर ठेवायचं? भाजी आहे का ती?"

भाजीच समजला होता तो. भाजीवाल्यांच्या काट्याला लावतो तसेच रिकाम्या पारड्यावर त्याने शून्य लावले होते. इथे काय तोलतात, कसे तोलतात, हे विचारण्याची तसदी घेतली नव्हती. दीड महिना तो या रुग्णालयाच्या नावाने बोटे मोडत होता. चूक निघाली ती घरचीच.

गप्प राहिला असता, तर चार-आठ दिवसांत मुलगी छातीशी आली असती. कदाचित.

"डॉक्टर, ती तीनला भरलेली नाही," तो म्हणाला. "कापडाचं वजन धरलं गेलंय. ऐंशी ग्रॅम कमी आहे."

डॉक्टरांनी पेन मिटले. "मग थांबू. आठवडा लागेल, जास्तही लागेल."

बायको बोलली ती बाहेर व्हरांड्यात. "अहो, जग मापात मारतं. तुम्हाला आजच एवढं काटेकोर व्हायचं होतं?" मग त्याची बाही घट्ट धरून हळूच म्हणाली, "ऐंशीच ना? नीट सांगा."

"ऐंशीच."

दुसऱ्या दिवशी पारड्यात कापड पसरून त्याने स्क्रू फिरवला, सुई शून्यावर आणली आणि मुलीला उचलले. एक पाऊल. दोन. तिसऱ्याला त्याची चाल मंदावली. दोन किलो नऊशे तीस. हाताने आधीच सांगून टाकले होते. मुलीने झोपेतच त्याच्या सदऱ्याचे बटण मुठीत धरले.

"बाळाचे बाबा, ठेवा की आता," सिस्टर म्हणाल्या.

"ठेवतो," तो म्हणाला, आणि चौथे पाऊल शिल्लक ठेवून तसाच उभा राहिला.